दाखवण्यासारखा दवाखाना

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. समितीचा अध्यक्ष झाल्यावर आपण काय केलं, याची निदान आपल्यापाशी तरी नोंद हवी.
आमचा मोफत दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाक आणि एक सिस्टर. येणारे कोण? हमाल, भंगार वेचणाऱ्या बाया, रात्रपाळीचे वॉचमन. मोठ्या हॉस्पिटलात ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, ते सगळे. साखर, ब्लडप्रेशर, पायाच्या जखमांचं ड्रेसिंग. पैसा सरकारी अनुदानाचा, तो मार्चअखेर संपतोय. नवं अनुदान आलं नाही तर सिस्टरचा पगार बंद. आणि सिस्टर नाही तर दवाखाना कसला, नुसती खोली.
तिला एका खाजगी हॉस्पिटलातून बोलावणं आलंय. जाऊ की थांबू, असं तिनं मलाच विचारलं. मी म्हणालो, "थांब पोरी. अनुदान आलंच समज." तिनं तिकडे नाही म्हणून कळवूनसुद्धा टाकलं.
घरी आल्यावर अनुदानाचा कोरा अर्ज कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवला. तिथे तो चुरगळणार नाही.

५ फेब्रुवारी
अर्ज मीच लिहिणार. शाळा सातवीत सुटली, पण उभी हयात डेकोरेशनच्या धंद्यात गेली. खुर्च्या, पडदे, गालिचे भाड्यानं. गिऱ्हाइकाच्या मनात काय भरतं, ते मला कुणी शिकवायला नको. सूनबाई बँकेत आहे, म्हणाली बाबा मी एकदा नजर टाकते. मी म्हटलं, तुला तुझी कामं काय थोडी आहेत?
उद्या सकाळी बसतोच.

९ फेब्रुवारी
बसलो नाही. पेन अडखळत होतं. नवं आणायला गेलो तर जुना दोस्त भेटला.
सिस्टरनं दोनदा विचारलं, काका झाला का अर्ज? झालाय म्हणालो. मनात झालाच आहे. त्याला खोटं म्हणत नाहीत.

१४ फेब्रुवारी, सकाळ
अर्जात एक विचित्र प्रश्न. 'आपल्या केंद्राच्या अडचणी व गरजा सविस्तर लिहा.' परक्यासमोर रडगाणं गायचं? फाटका पडदा दाखवून मला कधी ऑर्डर मिळाली नाही. लिहिलं, 'सर्व काही व्यवस्थित चालू आहे. कशाचीही कमतरता नाही.' अक्षर सुरेख आलं.
सिस्टरनं कागद वाचला. म्हणाली, कमतरता नाही तर ते देतील कशाला? रस्त्यापर्यंत रांग लागते ते लिहा, बँडेज महिनाअखेरीला संपतात ते लिहा, आजींच्या पायाचं लिहा. आजी म्हणजे भंगार वेचणाऱ्या. साखरेमुळे त्यांच्या तळव्याची जखम भरतच नाही. मी म्हटलं, ते प्रत्यक्ष पाहणीत दिसेलच की.
अर्ज गेला. छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे बरंचसं उतरलं.

२७ फेब्रुवारी
फोन आला. बारा मार्चला पाहणी अधिकारी येणार. फोन तिचाच, आवाजावरून सूनबाईच्या वयाची वाटली. एवढी तरुण मुलगी, एका नजरेत छाप पडली पाहिजे. हे तर माझंच काम.

२ मार्च
दुकान आता मुलाकडे. मखमली पडदे, कव्हरच्या खुर्च्या, लाल गालिचा मागितला. तो म्हणाला, बाबा, तो दवाखाना आहे, रिसेप्शन नाही. आजकालच्या पोरांना दृष्टीच नाही. शेवटी दिलं. न विचारता कूलर पण उचलला.

७ मार्च
भिंतींना रंग. लादीला पॉलिश, चेहरा दिसतोय तीत. वासामुळे पेशंट दोन दिवस उन्हात बसले. वॉचमनचा खोकला वाढला. तो आधीपासूनच खोकायचा.
पेशंटच्या नोंदींच्या रजिस्टरची पानं लोंबत होती, चहाचे डाग. बाइंडिंगला टाकलं. सिस्टरला म्हटलं, वेळेवर येईल.

१० मार्च
आज मोठा निर्णय. त्या दिवशी रांग लागली तर गालिच्याचं काय होईल? मळके कपडे, खोकला, बायकांची भांडणं, आणि मधोमध ती अधिकारी. म्हणून घरोघर जाऊन सांगितलं, बाराला कुणी यायचं नाही.
माणसं चांगली. ऐकलं सगळ्यांनी. एका हमालानं विचारलं, साहेब, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं नाही रे बाबा, पाहुणे येणार आहेत. तो म्हणाला मग बरोबर आहे. उरलेल्या दोन घरांचा निरोप मी त्याच्याकडेच सोपवला. 
आजींचं ड्रेसिंग नेमकं त्याच दिवशी असतं. एका दिवसानं काय होतंय? सिस्टरला हे सांगितलं नाही. ती उगाच फाटे फोडते.

१२ मार्च, दुपार
झकास झालं.
अधिकारीण दारातच थबकली. कूलरच्या गार वाऱ्यात बसवलं, गुलाबाची फुलं दिली. तिनं विचारलं, पेशंट कुठायत? मी म्हटलं, "आम्ही गर्दी होऊच देत नाही." तिनं लिहून घेतलं. सिस्टर पुढे आली, म्हणाली मॅडम, रोज इथे रांग असते. अधिकारिणीनं रजिस्टर मागितलं. ते बाइंडरकडे.  मी चहा पुढे केला.
जाताना अधिकारीण म्हणाली, काका, एवढी छान जागा मी आजवर पाहिली नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
सिस्टरनं सगळे कप धुतले, पालथे घातले आणि निघून गेली.  दमली असणार.

१३ मार्च
आजी आल्या. बँडेज जखमेला चिकटलं होतं. सिस्टर पाण्यानं भिजवून इंच इंच सोडवत होती. वास आला तेव्हा मी बाहेर गेलो. एक महत्त्वाचा फोन करायचा होता. कुणाला, ते आठवलं नाही.

२५ मार्च, सकाळ
पत्र आलं! पहिलाच परिच्छेद: 'केंद्राची स्थिती अत्यंत समाधानकारक असून समितीचे कार्य अनुकरणीय आहे.' दारातच तेवढं वाचून दाखवलं, पुढची सरकारी भाषा राहू दिली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर पहिल्यांदाच हसली, इतक्या दिवसांत. पत्राला फ्रेम करून लावायचं ठरवलं.

२५ मार्च, संध्याकाळ
सूनबाईनं दुसरा परिच्छेद वाचला. 'सबब, मर्यादित निधी अधिक गरजू केंद्रांकडे वळवण्यात येत आहे.'
मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

२७ मार्च
ऑफिसात गेलो. अधिकारिणीला खरं सांगितलं. गालिचा माझा, कूलर माझा, माणसं मीच थांबवली. खोलीत पंखासुद्धा धड फिरत नाही. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "काका, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. आता पैसे दुसऱ्या केंद्राला गेलेत, तिथे छप्पर गळतंय." पुढच्या वर्षी अर्ज करा म्हणाली. दारापर्यंत सोडायला आली. तिचा काय दोष?
येताना सिस्टरला सांगायची वाक्यं जुळवली. आधी परिस्थितीचं, मग सरकारचं, शेवटी माझं थोडंसं.

२९ मार्च
एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. तिला सूनबाईकडून कळलंच होतं. त्या खाजगी हॉस्पिटलातली जागा भरली. आता गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी मिळालीय, पगार कमी. लहान मूल आहे तिला. रात्री कुणाकडे ठेवायचं, ते अजून ठरलं नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "काका, त्यांना येऊ नका म्हणण्याआधी एकदा मला विचारायचंत."
मी पुढच्या वर्षीच्या अर्जाबद्दल बोलायला लागलो. ती आजींसाठी उरलेले गॉझ मोजून वेगळे ठेवत होती.

३१ मार्च
घरी बायकोसुद्धा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलते. पण मी हिंमत हरणारा नाही. उद्यापासून दवाखाना मीच उघडणार. ड्रेसिंग म्हणजे काय, कापडाचीच घडी. उभा जन्म पडदे बांधण्यात गेला माझा.

१ एप्रिल
नऊला कुलूप काढलं. रांग होती, सिस्टर नाही म्हटल्यावर ओसरली. आजी थांबल्या.
लादी खराब होईल म्हणून त्यांनी चप्पल बाहेरच काढली. बँडेजच्या पायानं रस्त्याची धूळ तुडवत पायरी चढल्या. मी म्हटलं, आजी, चप्पल घालून या. त्या म्हणाल्या, "नको बाबा. चांगली केलीयेस जागा."
बाकावर बसल्या नाहीत, लादीवरच टेकल्या. मी खाली बसलो, पाय मांडीवर घेतला, गाठ सोडली. दोन वेढे निघाले. तिसरा चिकटला होता. त्या दातावर दात दाबून भिंतीकडे बघत होत्या. मी तो सोडून दिला. वेढे होते तसे परत गुंडाळले. वाकडे बसले. सरकारी हॉस्पिटलात जा म्हणालो, रिक्षा बघतो. रिक्षा नको म्हणाल्या. उद्या सिस्टर येईल का, असं विचारलं.
येईल म्हणालो.
त्या गेल्यावर लादीवर पावलाचे डाग होते. एकाच पायाचे. फडकं घेऊन पुसले.