गॉर्डीसाठी मचाण

प्रिय गॉर्डी,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, फार मनावर घेऊ नकोस. हे पत्र माझं आहे, रॉलीचं नाही. तो व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत ऊन खात बसलाय. मी बहिणीला लिहितेय असं त्याला वाटतंय, आणि तसंच वाटू दे.

आधी खबरबात. मका काढून झाला. शेत हल्ली शेजारचे बोर्गन बापलेक कसतात, आणि कसतात म्हणजे काय, बांधापाशी चार ओळी उभ्याच सोडतात. आमची म्हातारी कुत्री उन्हाळ्यात गेली. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते: रॉलीच्या पाठीची जखम भरलीय, दंड अजून पूर्वीसारखेच दणकट आहेत, आणि कमरेखाली काही हालचाल नाही. आधी डॉक्टर ‘बघू’ तरी म्हणायचे, आता तेही म्हणत नाहीत.

रॉली शिकारीच्या मचाणावरून पडला त्याला या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. हॉस्पिटलात तू एकदा आलास. दारातच उभा राहून टोपी चुरगाळलीस, ‘पार्किंग फार लांब पडतं इथं’ म्हणालास आणि गेलास. गेल्या हिवाळ्यात हरणाच्या मांसाचे सॉसेज पायरीवर ठेवून गेलास, घंटीसुद्धा न वाजवता. तुझी गाडी वळताना रॉलीने खिडकीतून बघितली होती. “घाईत असेल गॉर्डी,” म्हणाला. शाळेपासूनचा दोस्त, आमच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, दर वर्षी हरणांच्या सीझनला पहाटे माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझीच कॉफी पातळ म्हणणारा! तो दोन वर्षं घाईत आहे, हे मी ऐकून घेतलं. सॉसेज मात्र मी खाल्ले नाहीत.

आणि मग सप्टेंबरात तुझा निरोप आला, फोनच्या यंत्रावर. “रॉली, नवं मचाण घ्यायचंय रे. कुठलं घेऊ? तुझ्याइतकं कुणाला कळतंय!” एवढंच. कसा आहेस नाही, येतो नाही. रॉलीने तो निरोप मला तीनदा लावायला लावला.

तुला कल्पना नाही गॉर्डी, त्या दिवसापासून या घरात काय चाललं होतं. जो माणूस दाढी करायला नको म्हणायचा, तो सकाळी उठून दुकानांना फोन लावायला लागला. टेबलावर जेवायला जागा नाही, सगळीकडे मचाणांची चित्रं. मी वाढताना ऐकायचं. “खोडाला मिठी मारून चढायचं मचाण गॉर्डीला नको. त्याचा डावा गुडघा गेलाय. अर्ध्यावर लटकेल आणि बायकोला हाका मारत बसेल.” मग टांगायच्या मचाणांची पाळी. “हलकं आहे, पण बैठक बघ, टीचभर! गॉर्डीचं बूड मावेल का त्यात?” शेवटी शिडीचं ठरलं. पण शिडीच्या मचाणाला पुढे आडवा दांडा हवाच, कारण ऊन वर आलं की तू पेंगतोस. आणि दांडा किती उंच हवा? त्यासाठी मला उंच स्टुलावर बसवलं, हातात बंदुकीऐवजी झाडू दिला आणि कोपर कुठे टेकतं ते खुर्चीतून वाकून वाकून बघितलं. “हलू नकोस, आर्डिस! हरीण आलंय समज.” मी हसले रे. पडल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी हसलो. म्हणूनच तुझा राग जास्त येतो.

एक गोष्ट मात्र त्याने हसत सांगितली नाही. “गॉर्डीला बजाव, सीझन संपला की मचाण खोडाला बांधायचा पट्टा सोडायचा. झाडावर ठेवायचा नाही.” एवढं बोलून तो चित्रांत बघत राहिला.

इथे कोण सोडतं पट्टा? सगळा गाव मचाणं वर्षभर झाडावरच ठेवतो. झाड जाडं होत जातं, पट्ट्याला ताण बसतो, ऊन त्याला कुजवतं, खारी कुरतडतात. रॉली पडला त्या वर्षी वसंतात तुम्ही दोघं रान बघायला गेलात तेव्हा मी सँडविच घेऊन मागून आले होते. पट्टा विटलाय, बदलू या, असं रॉली म्हणाला. शिडीवर तू होतास. दोनदा ओढून बघितलास आणि वरूनच ओरडलास, “अरे, अजून एक सीझन आरामात काढेल!” मग दोघांनी बीअर उघडली. सुरक्षेचा दोर तर दोघांनी जन्मात बांधला नाही, त्यात रॉलीचीही चूक आहेच, ते मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण पट्टा तू बघितला होतास. तुटलेला पट्टा पाचोळ्यातून मी उचलला. रॉलीने मात्र सगळ्यांना सांगितलं की पायरीवर दव गोठलं होतं, पाय घसरला. डॉक्टरांना तेच, पोलिसांना तेच, मलासुद्धा तेच. मी कधी विरोध केला नाही. त्याला तू हवा होतास, खरं-खोटं नको होतं.

आणि मग गेल्या शुक्रवारी चर्चमधल्या मासळीच्या जेवणाला तुझी लॉइस भेटली. मी म्हटलं, रॉलीने गॉर्डीसाठी मचाण पसंत केलंय, येऊ दे त्याला, सांगेल. ती बिचारी सरळ स्वभावाची. “अगं, मचाण तर ऑगस्टातच आणलं त्याने. माझ्या भावाच्या रानात बांधूनही झालं!” मी बटाट्याचं सॅलड संपवलं, ताट ठेवलं आणि गाडीत येऊन बसले.

म्हणजे विचारलंस तेव्हा तुझं घेऊन झालं होतं. तुला मचाण नको होतं, बोलायला निमित्त हवं होतं. लंगड्या कुत्र्यापुढे हाडूक टाकावं तसं टाकलंस आणि फोन ठेवलास. त्या हाडकावर माझा नवरा दीड महिना जगला. यात तुझ्याबद्दल कृतज्ञ राहायचं की तुझं थोबाड फोडायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. रॉलीला यातलं काही ठाऊक नाही, आणि होताही कामा नये. रोज सकाळी विचारतो, “गॉर्डी आला नाही का अजून? सीझन तोंडावर आलाय.” तर या रविवारी तू यायचंस. समोरच्या दाराने यायचंस, घंटी वाजवायचीस. शिडीचं मचाण आणायचं, नवा पट्टा आणायचा, आणि त्याने पसंत केलेल्या झाडावर तो सांगेल तसं बांधायचं. ते झाड म्हणजे गवताच्या रानाच्या कडेचा एकटा ओक. हसू नकोस. तिथे वारा माणसाचा वास सरळ रानात नेतो, मागे रस्ता आहे, आणि इतक्या वर्षांत त्या ओकाखाली हरीण उभं राहिलेलं मी बघितलेलं नाही. रॉलीला हे कळत नाही का? टेकडीवरच्या सगळ्या वाटा त्याला पाठ आहेत. मी दोनदा विचारलं, दोनदा म्हणाला, “झाड चांगलं आहे.” परवा त्याच्या पलंगावरची चादर बदलताना माझं डोकं त्याच्या उशीपाशी आलं आणि नजर खिडकीबाहेर गेली. तिथून तेवढंच एक झाड दिसतं. तेव्हा तुला हरीण मिळायचं नाही, गॉर्डी. तू शिकारीचं नारिंगी जाकीट घालून उजाडायच्या आत तिथे जाऊन बस, आणि त्याला दिसत राहा.

रॉलीची बायको,
आर्डिस