सुमनचा अर्धा स्कार्फ

कुरुंदा, शनिवार संध्याकाळ

आमच्या गाइड पथकातल्या मानाच्या गटात आज सुमनला घेतलं. मुलींनीच चिठ्ठ्या टाकून तिला निवडलं होतं. मला वाटलं, गंमत केली असेल. कारण गटात यायचं तर दिवसभर तोंड बंद ठेवून श्रमदान करायचं, तेव्हा कुठे संध्याकाळी लाल स्कार्फ गळ्यात पडतो. आणि ही पोरगी इतकी बडबडी!

दुपारी ती शाळेच्या रोपांना पाणी घालत होती. तिकडे मैदानापलीकडे, संध्याकाळी तिला द्यायचा म्हणून धुऊन वाळत घातलेला लाल स्कार्फ एक शेळी खाऊन राहिली होती. सुमननं पाहिलं, बादली टाकली, हात हलवत धावली. पण तोंडातून शब्द नाही. पोचेपर्यंत अर्धा स्कार्फ गेला. मी चिडले. नियम झाला म्हणून काय ओरडायचंही नाही? पण नियम तर मीच सांगितलेला...

संध्याकाळी उरलेला अर्धाच मी तिच्या गळ्यात बांधला. गाठ कशीबशी बसली. आमच्या रीतीप्रमाणे डावा हात मिळवला आणि म्हणाले, "आता बोल."

"बाई, शेळी आमचीच हाय," ती म्हणाली. "नुसता आवाज दिला असता तर जागीच थांबली असती."