घंटांच्या दौऱ्यावर होते तेव्हा

बाबा,

तुमच्यावर मी इतकी वर्षं रागावून होते, आणि गेल्या हिवाळ्यात कळलं की तो राग मी चुकीच्या माणसावर काढत होते. तुम्ही गेलात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा पुढे आलेय, म्हणजे हिशेबाने मी मोठी आणि तुम्ही लहान. तरी तुम्हाला 'तुम्ही'च म्हणते. नागपूरची सवय, अमेरिकेत ट्रॉयमध्ये इतकी वर्षं काढूनही गेली नाही.

आपल्या घरामागच्या चर्चमध्ये मुलांचा एक घंटावादनाचा चमू होता, आठवतं? शाळेतल्या मैत्रिणीच्या नादाने मी त्यात शिरले. आईला धाकधूक, पोरगी बाटते की काय. तुम्ही म्हणालात, "घंटाच वाजवतेय ना? आपण देवळात जाऊन दुसरं काय करतो?" आणि विषय संपला. लांबलचक टेबलावर जाड गादी, तिच्यावर मखमल, आणि त्यावर ओळीने मांडलेल्या काशाच्या घंटा, चहाच्या पेल्याएवढीपासून कळशीएवढीपर्यंत. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घंटा, म्हणजे दोन सूर. अख्खं गाणं कुणा एकाच्या हातात नाही. आपली वेळ आली की वाजवायची, खांद्याला टेकवून तिला गप्प करायचं, आणि पुन्हा वाट बघत उभं राहायचं. उघड्या हाताने घंटेला शिवायचं नाही, बोटांचे डाग पडतात, म्हणून पांढरे हातमोजे. ते तुम्ही धुवायचात. आईने मशीनमध्ये टाकले की पिवळे पडतात अशी तुमची तक्रार. सिंकमध्ये साबण लावून, पिळून, हीटरच्या जाळीवर पसरून ठेवायचात. मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणारा माणूस रविवारी संध्याकाळी मुलीचे हातमोजे वाळत घालतोय. आई हसायची तुम्हाला.

त्या उन्हाळ्यात चमूचा दौरा ठरला. बसने ओहायो, इंडियाना, खाली केंटकीपर्यंत. रोज नवं गाव, रोज एक कार्यक्रम. आणि नेमक्या त्याच वेळी मैत्रिणी एका तळ्याकाठच्या घरी राहायला निघाल्या होत्या. मी स्वयंपाकघरात येऊन म्हटलं, मला टूरला नाही जायचं. तुम्ही पोह्यांसाठी कांदा चिरत होतात. "तुझे दोन सूर कोण वाजवणार?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "कुणीतरी वाजवेल." त्यावर तुम्ही म्हणालात, "आरतीत दहा झांजांतली एक चुकली तर देवालाही कळत नाही. तुमचं तसं नाही. एक माणूस कमी झाला की गाण्याला भोक पडतं. नाव दिलंस ना? मग जायचं." आवाज चढवला नव्हतात. पण सुरी खाली ठेवली होतीत, आणि तुम्ही हातातलं काम खाली ठेवलं की पुढे वाद घालायची सोय नसे. आई तिथेच होती, मिरच्या निवडत. तिने ते सगळं ऐकलं.

आम्ही निघालो. बसचा एसी पहिल्याच दिवशी बंद पडला. खिडक्या उघडत नाहीत, पायांशी चिप्सची पाकिटं, आणि बसच्या पोटातल्या कप्प्यात घंटांच्या पेट्या, ज्या प्रत्येक गावात आम्हीच उतरवायच्या. चर्चच्या तळघरात जेवायचं, अनोळखी कुटुंबांकडे दोघी-दोघींनी झोपायचं, दुपारी एखाद्या वृद्धाश्रमात वाजवायचं. मला ते आवडायला लागलं होतं. मी फार खूश होते, बाबा, हे लपवून काय करू. एका चर्चच्या ऑफिसातून घरी फोन केला. आई म्हणते, बाबा ऑफिसला गेलेत. मी म्हणते, बरं, सांग त्यांना सगळं मस्त चाललंय. फोन ठेवून मी परत बसमध्ये येते, आणि कितीतरी मैल गेल्यावर लक्षात येतं की आज रविवार. वाटलं, काम निघालं असेल. पुढच्या फोनला म्हणे तुम्ही झोपला होतात.

परत आलो तेव्हा चर्चच्या पार्किंगमध्ये सगळ्यांचे आईबाप उभे होते. मला घ्यायला शेजारच्या वसाहतीतले काका आले होते, तुमचे पत्त्यांचे जोडीदार. गाडीत ते हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "भूक लागली असेल ना? काही घ्यायचं का ड्राइव्ह-थ्रूमधून?" आणि मी घेतलं, मिल्कशेक. तो हातात असतानाच आपल्या दारातला चपला-बुटांचा ढीग दिसला. आपल्याकडे एवढी माणसं फक्त गणपतीला यायची, आणि तेव्हा तर जुलै होता.

तुम्ही चार दिवस दवाखान्यात होतात, हृदयाचं दुखणं, आणि तिथेच गेलात. दहनही उरकलं होतं. दहनगृहवाले म्हणाले होते की मुलगी येईपर्यंत ठेवू, काही अडचण नाही. पण आपल्या मंडळींना ते बरं वाटेना, माणसाला असं फ्रिजमध्ये ताटकळत ठेवतात का. तुम्ही मला भेटलात ते एका डब्यात, देव्हाऱ्याशेजारी. मी आईला एवढंच विचारलं, मला का नाही बोलावलंस? ती म्हणाली, "हेच म्हणाले. तिची टूर मोडू नका, नाव दिलंय तिने."

ते मला पटलं, कारण ते अगदी तुमच्यासारखंच होतं. म्हणूनच इतका राग आला. मरतानासुद्धा शिस्त! त्यानंतर मी घंटेला हात लावला नाही. लग्नात तुमच्या फोटोला नमस्कार करायला सांगितला, तो केला, पण मनातून नाही. मुलांनी आजोबांबद्दल विचारलं की "ही वॉज व्हेरी स्ट्रिक्ट" म्हणून मोकळी व्हायचे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आईचे उपचार थांबवले. मी आता राहते त्या शॉमबर्गहून सुट्टी काढून तिच्यापाशी येऊन राहिले होते. बाहेर बर्फ उपसणारा ट्रक फिरत होता, मी तिला चमच्याने पेज भरवत होते, आणि ती एकदम म्हणाली, "हे तसं म्हणाले नव्हते गं."

"कसं?"

"तुला बोलावू नका असं. उलट दार वाजलं की विचारायचे, आली का? नर्स आली तरी विचारायचे, आली का?"

मी चमचा वाडग्यात ठेवला. ती सांगत राहिली. तिने फोन करायला उचलला होता. पण काका म्हणाले, "वहिनी, एक मुलगी निघाली की सगळ्यांचा प्रोग्रॅम कॅन्सल होईल. आपल्यामुळे ह्या लोकांचं नुकसान नको. डॉक्टर स्टेबल म्हणतायत ना? आल्यावर भेटेल की." आणि तिला तुमचंच बोलणं आठवलं, एक माणूस कमी झाला की गाण्याला भोक पडतं. तिला खरंच वाटलं, की मला बोलावलं तर अख्खी बस मागे फिरेल आणि सगळं गाव म्हणेल, ह्या इंडियन लोकांमुळे. तुम्ही गेल्यावरही त्याच भीतीने तिने फोन केला नाही. अशी आपली भीड, बाबा. नवऱ्याच्या जिवापेक्षा परक्यांचा कार्यक्रम मोठा.

मग तिने मला विचारलं, "मोडलाच असता ना गं त्यांचा कार्यक्रम, तू आली असतीस तर?"

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. तिलाही नव्हती. त्या दौऱ्यात सुरुवातीलाच एका मुलीला ताप भरला. तिची आई गाडी घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. चमूला शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी काही गाजावाजा केला नाही. तिच्या दोन घंटा माझ्या पुढ्यात सरकवल्या, एका हातात दोन-दोन कशा धरायच्या ते दाखवलं, आणि त्याच संध्याकाळी मी चार वाजवल्या. ऐकणाऱ्यांना काहीही कळलं नाही. माझ्या दोन घंटा कुणीही वाजवल्या असत्या. गाण्याला भोक वगैरे काही पडत नाही, बाबा. ते तुम्ही मला दौऱ्यावर धाडायला म्हणालात, आणि आईने ते खरं धरलं.

आई माझ्याकडे बघत होती. ओठाला पेज लागलेली. मी म्हटलं, "हो आई. मोडला असता." तिने मान हलवली आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात गेली. नर्स म्हणाली, फार शांतपणे गेल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं. नवऱ्याला वाटतं मी आईला माफ केलं. तिलाही जाताना तसंच वाटलं असेल. मी केलेलं नाही. ती मरत होती आणि माझ्याच्याने खरं बोलवलं नाही, एवढंच. त्या खोलीत तुमच्या बाजूने बोलायला मी एकटीच होते, बाबा, आणि मी बोलले नाही.