बुधीची उत्तरं

सोम., १७ नोव्हें.
बालवाडीत टॅब आले. दोनच. चित्र दिसतं, पोराने नाव सांगायचं, बरोबर असेल तर टाळ्या वाजतात. संस्थेच्या मॅडमनी बजावलंय, गुण आपोआप ऑफिसला जाणार. पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. वर्ग तिथेच भरवला.

मंगळ., १८
बुधी, पाच वर्षांची, वर्गातली सगळ्यात बडबडी. खेकड्याचं चित्र आलं. ही ठणकावून म्हणाली, "चिंबोरी." पाड्यावर खेकड्याला तेच म्हणतात. टॅब म्हणतो, पुन्हा प्रयत्न कर. तिने मोठ्याने सांगितलं. पुन्हा तेच. मग मलाच बोटांनी दाखवलं, बिळातून कशी ओढायची. हिला हे डबडं शिकवणार! डोकं फिरलं.

गुरु., २०
मॅडमचा फोन. बुधी लाल यादीत. 'बोलण्यात मागे'. सुधारली नाही तर हाच शेरा जूनमध्ये पहिलीच्या बाईंकडे जाणार. म्हटलं, पोरगी दिवसभर बोलते हो. तर म्हणे, सिस्टीममध्ये दिसत नाही ना.
दुपारी तिला मांडीवर घेतलं, तिच्या नावाचं पान उघडलं आणि आवाज बारीक करून मीच उत्तरं दिली. खेकडा, छत्री, विमान. टाळ्या. ती खुदकन हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळ., २५
रोज करतेय. बुधी हिरव्या यादीत. मॅडम खूश, शुक्रवारी तिचा व्हिडिओ काढायला येणार. आणि बुधी वर्गात गप्प. गाणं नाही, भांडण नाही. आईला विचारलं. म्हणाली, घरी बोलते की. म्हणजे गप्प फक्त माझ्यासमोर. कुळगावला माझ्या घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

शुक्र., २८
मॅडमनी बुधीपुढे टॅब ठेवला, मोबाइल सुरू केला. छत्रीचं चित्र. बुधीने टॅब उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.
"बाई, तूच बोल. माझं चुकतंय."
मॅडमनी मोबाइल खाली घेतला. मी सगळं सांगून टाकलं. सोमवारी ऑफिसला या, एवढंच म्हणाल्या. लाल यादीचं विचारलं, त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.
नोकरीचं होईल ते होईल. पण टॅबने तिचा एक शब्द चुकीचा ठरवला होता, बाकीचे मी बंद केले. लाज वाटते.
निघताना तिला हाक मारली. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली. हाकेला ओही तिच्या वतीने मीच देईन, म्हणून वाट बघत होती.