तिसरी जागा

बारामती
१८ जानेवारी १९९६

तात्या,

तुम्हाला आणि वहिनींना नमस्कार. संक्रांतीचा तिळगूळ पोस्टाने पाठवायला निघाले होते, तर हे म्हणाले, "लासुर्णं काय विलायतेत हाय का?" तेव्हा रविवारी तुमचा दादासो एमआयडीसीतून सुटला की त्याच्या गाडीवर पाठवते. ऊस गेला का? वहिनींचा गुडघा कसा आहे?

माझ्याकडची बातमी मोठी आहे. कॉलेजात संगणक आले. या वर्षापासून बी.एस्सी.च्या मुलांना प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारा पेपर आहे आणि तो माझ्याकडे आलाय. मी गणिताची, म्हणून मला येत असेल असा प्राचार्यांचा समज. उन्हाळ्यात पुण्याला जाऊन जे शिकून आले त्या जोरावर मी मुलांच्या एक धडा पुढे असते. कधीकधी अर्धाच. पण तात्या, इतकी वर्षं शिकवतेय, असा आनंद मला झाला नव्हता. यंत्राची खोली गार ठेवलेली, खिडक्यांना पडदे, आणि दाराशी आमचा शिपाई सोनबा. कोणाचीही चप्पल आत जाऊ देत नाही. परवा प्राचार्यांनाच म्हणाला, "सायेब, देवळात काढताच की."

लहानपणी तुम्ही मला खुसपटबाई म्हणायचात, आठवतं? भाजीत मीठ किती, दार कोणी उघडं टाकलं, सगळं दोनदोनदा विचारते म्हणून. सासरीही तेच ऐकलं. तर या यंत्राला नेमकी अशीच बाई लागते. एक अर्धविराम राहिला तरी ते अडून बसतं. सांगितलं तेवढंच करतं, आपल्या मनातलं ओळखून काही करत नाही. मुलं वैतागतात, मी पडद्यावर बोट ठेवून चूक काढून देते. मुलं म्हणतात, मॅडमना चुकीचा वास येतो. माझ्या स्वभावाला या वयात पहिल्यांदाच काम मिळालंय.

माझ्याकडे राहून शिकणारी तुमची रेश्मा वर्गात सगळ्यांत पुढे आहे. घरची मुलगी म्हणून लिहीत नाही. उलट तिचे पेपर मी दुसऱ्यांकडून तपासून घेते.

मंगळवारी अदलाबदल शिकवली. एका लोट्यात दूध, दुसऱ्यात ताक, दोघांची जागा बदलायची तर तिसरा रिकामा लोटा लागतो. हे कोणालाही कळतं. पण संगणकात मुलं विसरतात, आणि तिथे दूध सांडतसुद्धा नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या जागी ठेवलं की पहिलं पुसलं जातं. मग दोन्हीकडे एकच उरतं. मी सहज बोलून गेले, "साटंलोटं करायचं तर आधी एकाला तिसऱ्या जागी नीट बसवा, नाहीतर ते हरवेल." वर्ग खूप हसला. रेश्मा हसली नाही.

संध्याकाळी मेथी निवडताना तिने सांगितलं. इंदापूरच्या बापूसाहेबांची योगिनी आपल्या दादासोला, आणि रेश्मा त्यांच्या मुलाला, असं चाललंय म्हणे. तात्या, हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. मी वर्गात असा दाखला का दिला, याचा विचार मी तेव्हापासून करतेय. तो मला इतका चटकन कसा सुचला?

खरं काय ते कळवा.

आपली
कौसल्या

*

बारामती
२ मार्च १९९६

तात्या,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. ते मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी पान लावलं.

तुम्ही लिहिलंत की बापूसाहेबांची अट स्पष्ट आहे, "पोर देऊ, पण पोर घेऊ." घर चांगलं, बागायत आहे, मुलगा निर्व्यसनी. हे सगळं मी मान्य करते. मुलाला मी पाहिलेलं नाही, त्याच्याबद्दल वाईट बोलण्याचा मला अधिकार नाही. सुपारी सत्तावीस मार्चला इंदापुरात धरली आहे हेही वाचलं. त्याच दिवशी रेश्माची विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती चुकली तर वर्ष गेलं. मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एका वरसानं काय आभाळ फाटतंय? आन् लगीन झाल्यावर तिला कुठं मशीन चालवायचंय?"

पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. तुम्ही लिहिलंत, "साटंलोटं वाईट म्हणतेस, तर तुझंच बघ की. तुझं काय वाईट झालं?"

माझं वाईट झालं नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही नीट वाचाल. एकाच मांडवात तुम्हाला प्रयागवहिनी आल्या आणि मी त्यांच्या भावाकडे पणदऱ्याला गेले. ह्यांनी मला कधी दुखावलं नाही. एम.एस्सी.ला माझं नाव ह्यांनीच घातलं. नोकरीला लागले तेव्हा पेढे ह्यांनीच वाटले.

पण त्र्याहत्तर साल आठवा. तुमचं आणि वहिनींचं भांडण झालं आणि त्या पणदऱ्याला निघून आल्या. कशावरून ते मला अजून माहीत नाही, विचारायचंही नाही. त्या दुपारी पोचल्या. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि आत स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "आमची आली, आता त्यांची जाऊ दे." संध्याकाळच्या एस.टी.त मी होते. हे खिडकीपाशी उभे होते. आईपुढे त्यांना बोलता येत नसे.

तुम्हाला वाटलं मी माहेरपणाला आले. तुम्ही मला कलिंगड आणून दिलंत, नवं लुगडं घेतलंत. मी किती गप्प असते म्हणून हसलात. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा त्या वेळी बारामतीत चालू होती आणि मी आपल्या ओसरीवर शेंगा फोडत होते. माझं आणि ह्यांचं काही बिनसलं नव्हतं. तुमचं मिटलं, वहिनी परतल्या, तेव्हा मलाही बोलावणं आलं. आईला सगळं ठाऊक होतं. तिने मला शपथ घातली होती, तात्याला सांगू नकोस, तो तिकडे जाऊन भांडेल आणि मग दोन्ही घरं मोडतील.

ते वर्ष मी पुढच्या वर्षी भरून काढलं, म्हणून ते कोणाला दिसलं नाही. पण त्यानंतर तुमच्या घरातून मोठा आवाज आल्याचं कानावर आलं की मला ती संध्याकाळची एस.टी. आठवायची. वहिनी चार दिवस राहायला आल्या तरी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. त्या हसत असल्या की मी स्वयंपाकाला लागायची. माझा संसार चांगला झाला, पण तो पुष्कळ वर्षं तुमच्या संसाराच्या तब्येतीवर चालला. आता रेश्माचा दादासोच्या तब्येतीवर चालेल, आणि त्या योगिनीचा रेश्माच्या.

हे लिहिणं बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही. वहिनींच्या मनाला लागेल, आणि त्यांची यात काहीच चूक नव्हती. रेश्माने मला हे लिहायला सांगितलेलं नाही. तिला यातलं काही माहीत नाही.

मी तिला परीक्षेला बसवणार आहे. तुमच्या पाठीमागे नाही, सांगून बसवते आहे. पुढचं तुम्ही ठरवा.

आपली
कौसल्या

*

बारामती
२९ मार्च १९९६

तात्या,

नमस्कार. सत्तावीस तारखेला इंदापुरात काय झालं ते वहिनींनी फोनवर सांगितलं. इकडे काय झालं ते तुम्हाला अजून कोणी धड सांगितलं नसेल. दादासोला विचारलंत तर तो एका वाक्यात आटपेल. म्हणून मी लिहिते.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक सर आले होते. करड्या मिशांचे, कडक. सोनबाने त्यांनाही बूट काढायला लावले. मी त्यांना आधीच सांगितलं की परीक्षार्थींत माझी भाची आहे, तेव्हा मी आत थांबणार नाही. ते म्हणाले, "बाई, एवढं कोणी बघत नाही." मी म्हटलं, मी बघते. आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात दादासो आला. नवा शर्ट, कपाळाला गंध. "आत्या, रेश्मीला न्यायला आलोय. तात्या म्हणालं, गाडीवर घाल आन् आण. समदी इंदापुरात खोळंबल्यात."

मी म्हटलं, "ती आत आहे. तू भाऊ आहेस, आत जाऊन उठव तिला. मी अडवणार नाही."

तो दारापर्यंत गेला. सोनबा म्हणाला, "पायातलं काढा." त्याने बूट काढले, आणि काढून झाल्यावर तिथेच उभा राहिला. खोली गार करायचं यंत्र त्या दिवशी बंद पडलं होतं, त्यामुळे खिडक्या उघड्या होत्या. आतलं सगळं ऐकू येत होतं. रेश्माची तोंडी परीक्षा चालली होती. तिचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला होता. दिलेली नावं त्याने अक्षरांच्या क्रमाने लावून दाखवली होती. माझ्या वर्गात पहिल्या फटक्यात कोणाचाच चालत नाही, माझाही नाही. सर कागद उलटून पाहत होते, काही सापडतं का म्हणून.

सर म्हणाले, "दोन गोष्टींची अदलाबदल करताना ही तिसरी जागा कशाला घेतलीस? जागा फुकट गेली ना? तिसरीशिवाय जमतं की."

हा त्यांचा नेहमीचा फसवा प्रश्न असणार. मला माहीत होतं तिला उत्तर येतं, आणि तरी मी बाकाच्या कडेला सरकले.

"जमतं सर," रेश्मा म्हणाली. "दोघांची बेरीज करायची आणि एकेक वजा करत जायचं. पण ते आकड्यांचं. इथं नावं आहेत. नावांची बेरीज-वजाबाकी होत नाही. नावांना जागाच द्यावी लागते."

"आणि नाही दिली तर?"

"तर एक नाव पुसलं जाईल सर. आणि प्रोग्रॅम काही चूक दाखवणार नाही. चालला असंच वाटेल."

आत कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "कोणी शिकवलं?" तिने माझं नाव घेतलं. तात्या, मला आत नसल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दादासो बाकावर येऊन बसला. म्हणाला, "आत्या, ही मशीनचंच बोलत व्हती ना?"

"मशीनचंच. सरांनी तेवढंच विचारलं होतं."

तो हातातल्या गाडीच्या चावीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुमचं पत्र आमच्यात आलं त्या दिवशी आई जेवली न्हाय. तात्या मळ्यात जाऊन बसलं. मला कुणी वाचाया दिलं न्हाय, पर आईनं सांगितलं." आणखी थोड्या वेळाने, "योगिनी मला पसंत हाय. तिलाबी मी हाय. मंग हिला मधी कशाला घालायची?"

बोलावंसं फार वाटलं, पण हा त्याचा निर्णय होता.

तो उठला, बूट घातले. सोनबा म्हणाला, "न्यायला आलाव्हता न्हवं?" दादासो म्हणाला, "तिचा पेपर चाललाय. मी एकटाच जातो."

पुढचं वहिनींकडून कळलेलं लिहिते, चुकलं असेल तर दुरुस्त करा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला बदल्यात बायकू नगं. द्यायची तर अशीच द्या, न्हायतर राहू द्या." बापूसाहेब ताडकन उठले. त्यांचे भाऊबंद उठले. सगळे तुमच्याकडे बघायला लागले, की आता तुम्ही पोराच्या कानाखाली ठेवून देणार. आणि तुम्ही म्हणालात, "बापूसाहेब, बसा. माझी पोरगी आज परीक्षेला बसलीया. तिच्या नावानं आज काय ठरणार न्हाय. पोराचं बोला." वहिनी म्हणतात, तुमचा आवाज मोठासुद्धा नव्हता.

मग बापूसाहेबांनी आत विचारायला माणूस पाठवला. योगिनी स्वतःच बाहेर आली, म्हणाली, "मला ह्यो मुलगा पसंत हाय. बदल्यात कुणी आलं न्हाय तर बरंच हाय, माझ्या वागण्याचा हिशेब कुणाच्या पोरीकडनं न्हाय घेतला जाणार." अशी सून तुमच्या घरात येतेय, तात्या. सांभाळून राहा. सुपारी फुटली, एकाच लग्नाची फुटली, आणि वहिनी सांगत होत्या की परतताना त्यांनी इंदापूरच्या स्टँडवर उभ्या उभ्या भेळ खाल्ली.

वहिनी फोनवर रडल्या. मीही रडले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच न्हवतं गं, तू माझ्यापायी गेलीस ते." हे काल रात्रीपासून माझ्या मनात आहे. आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या घरात राहिलो आणि एकमेकींना भीत राहिलो.

रेश्मा परीक्षेहून आली ती चप्पल न घालता आली. अर्ध्या रस्त्यात आठवलं तिला. पुण्याच्या सरांनी जाताना सांगितलंय, हिला पुढे शिकवा. निकाल लागायचाय, पण वर्गातल्या मुलांनी तिला चहाच्या टपरीवर उचलूनच घेतलं. हे संध्याकाळी गल्लीभर पेढे वाटून आले. मी म्हटलं, अहो, निकाल कुठे लागलाय? तर म्हणाले, "माझ्या हिशेबी लागला."

मला एकच विचारायचं आहे, आणि ते समोर बसून विचारायचं आहे. त्या पत्राने तुम्हाला किती लागलं? तुम्ही पत्राला उत्तर लिहिलं नाहीत, जे केलंत तेच उत्तर, हे मला कळतं. तरी विचारेन. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

सुट्टी लागली की मी लासुर्ण्याला येते. राहायलाच येते. या वेळी मला कोणी पाठवत नाहीये, तात्या. मला तुम्हाला भेटावंसं वाटतंय, म्हणून येतेय.

तुमचीच
कौशी