सूट आणि वर व्याज

२ जानेवारी

आजपासून रोज लिहिणार. पैशाच्या व्यवहारात शिस्त लागते, आणि मोठा व्यवहार आता माझ्या हातात आला आहे.

ताईची खोली घरमालक विकतोय. बावीस वर्षं ताई तिथेच राहते, तिथेच मशीन चालवते, सगळं गिऱ्हाईक त्या गल्लीतलं. जुनी भाडेकरू म्हणून पहिला हक्क तिचा. किंमत एकवीस लाख चाळीस हजार. मुदत १० एप्रिल. दाजी गेल्यावर मिळालेले आणि तिने शिवून शिवून साठवलेले धरून ताईकडे बरोब्बर वीस लाख आहेत. म्हणजे कमी पडतात एक लाख चाळीस हजार.

ताई म्हणाली, शिवणकाम करणाऱ्या बायकांची पतपेढी आहे, ते दीड लाख कर्ज देताहेत, मंजूरही झालंय. मी म्हटलं, मी जिवंत असताना माझी बहीण कर्ज काढणार? ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको मात्र म्हणाली, मग तुम्ही देणार का? तिला प्रसंगाचं भान नसतं.

३ जानेवारी

सापडलं! ट्रेझरी बिल. सरकारला तीन महिन्यांसाठी पैसे द्यायचे, सरकार परत करणार. बुडण्याचा प्रश्नच नाही. ॲपवर ठळक अक्षरांत सात टक्के.

वीस लाखांचे सात टक्के किती? एक लाख चाळीस हजार! पै न् पै जुळली. अंगावर काटाच आला. तीन वेळा गुणाकार केला, तीनदा तेच उत्तर. लोक उगाच म्हणतात अर्थशास्त्र कठीण असतं.

४ जानेवारी

घेतलं. ताईच्या नावावर, ताईच्या फोनवरून. पासवर्ड तिने मलाच देऊन ठेवला. म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय, तू बघ.

आणि आता खरी गंमत. शंभराचं बिल सव्वाअठ्ठ्याण्णवच्या आसपास मिळालं. सूट! वीस लाखांच्या बिलांवर चौतीस हजार तीनशेची सूट. तेवढे पैसे ताईच्या खात्यात तसेच शिल्लक.

शर्टच्या काउंटरवर सव्वीस वर्षं उभा आहे मी. सूट म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. माल पडून राहिला की सूट. सरकारचा माल खपत नाहीये, दुसरं काय. म्हणजे आधी सूट आणि वर सात टक्के व्याज. एवढी चांगली स्कीम दिवसाढवळ्या उघडी पडली आहे आणि लोक रांगा लावत नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

९ जानेवारी

दुकानातल्या हिशेबनिसाला सांगितलं. त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो चहाचे पैसेसुद्धा पैशापर्यंत वाटून घेतो. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, अरे, ते सात टक्के वर्षाचे असतात, तीन महिन्यांचे पावणेदोन होतात. आणि सूट हेच व्याज, वेगळं काही मिळत नाही.

मला हसू आवरेना. सूट हेच व्याज! उद्या म्हणेल, सूट हाच शर्ट. त्याला म्हटलं, बाबा रे, गिऱ्हाईक सूटही नेतं आणि शर्टही नेतं. त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि वहीत डोकं घातलं. जळतो.

१५ जानेवारी

चौतीस हजार ताईच्या खात्यात पडून होते. तिच्या डोक्याला ताप नको म्हणून माझ्या खात्यावर वळवून घेतले. सध्यापुरते. एप्रिलमध्ये व्याज आलं की तिला लागतील तेवढे पुरे होतातच, त्यामुळे हे तसे जास्तीचेच म्हणायचे. ताईला सांगायचं आहे. निवांत सांगेन.

१९ जानेवारी

फिरती खुर्ची घेतली. गुंतवणुकीचं काम प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होत नाही. व्हिजिटिंग कार्डंही छापायला टाकली. नावाखाली नुसतं ‘सल्लागार’. कशाचा ते मुद्दाम लिहिलं नाही, पुढे विस्तार करायला बरं.

बायकोने विचारलं, पैसे कुठून आले? म्हटलं, बाजारातून.

२७ जानेवारी

ताईचा फोन. पतपेढीवाले विचारताहेत, महिनाअखेरपर्यंत कर्ज उचललं नाही तर पैसे दुसऱ्या बाईला देतील. घेऊन ठेवू का? वापरलं नाही तर परत करीन म्हणाली. म्हटलं, ताई, विश्वास आहे ना? म्हणाली, आहे रे. म्हटलं, मग कशाला?

३१ जानेवारी

ताईने सकाळी पुन्हा तेच विचारायला फोन केला. मग दुपारी एकदा. मग संध्याकाळी ती स्वतःच पतपेढीत जाऊन नको म्हणून सांगून आली. परत येताना आमच्याकडे वाकडी वाट करून आली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली. रिकामं झाल्यासारखं वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, कर्ज नाही म्हणून हलकं वाटतंय.

बायकोने तिला जेवायला थांबवलं.

१४ फेब्रुवारी

रोज लिहिणं जमत नाही. कामाचा व्याप. सहा कार्डं वाटली. एका गिऱ्हाइकाने कार्डाच्या मागे पँटचं माप लिहून परत माझ्याच हातात दिलं.

२२ फेब्रुवारी

ताईकडे गेलो होतो. खोलीत चष्म्याचा दुकानदार टेप घेऊन भिंती मोजत होता. घरमालकाने पाठवलं होतं. ताईकडून जमलं नाही तर तो घेणार, रोख. ताई मशीनवर त्याचीच पँट आखूड करत होती. त्याने खिडकी मोजली, मोरी मोजली, मग ताईला म्हणाला, मावशी, जरा पाय उचलता का? मशीनखालची फरशी मोजायची होती.

ताईने पाय उचलले.

मोजू दे बिचाऱ्याला. टेपला काय पैसे पडतात? एप्रिलमध्ये त्याचं तोंड बघण्यासारखं होणार आहे.

८ मार्च

सहज बसलो होतो खुर्चीत. वर्षाचे सात टक्के धरले तर तीन महिन्यांचे किती, ते गंमत म्हणून करून बघितलं. पस्तीस हजाराच्या आत-बाहेर काहीतरी आलं. सूट मिळाली होती त्या आकड्याच्या फारच जवळ.

मग लक्षात आलं, कॅल्क्युलेटर दुकानातला जुना आहे. त्याचं सातचं बटण अडकतं. बाजूला ठेवून दिला.

आजकाल भूक लागत नाही. हवा बदलते आहे.

१५ मार्च

दशांशने जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं. हळू आवाजात म्हणाला, अजून तीन आठवडे आहेत, बहिणीला खरं काय ते सांग, ती कुठूनतरी जमवेल, मी पण वीस हजार देतो. मला भयंकर राग आला. वीस हजार! मला दया दाखवतोय! सगळ्या काउंटरला ऐकू जाईल असं म्हटलं, तुझे दशांश तुझ्याकडे ठेव.

नंतर ट्रायल रूममध्ये जाऊन जरा बसलो. उभं राहून राहून थकायला होतं.

१९ मार्च

बायकोने सरळच विचारलं. अहो, व्याज मिळणार असं कुठे लिहिलंय, मला एकदा दाखवा. म्हटलं, सगळ्या गोष्टी लिहिलेल्या नसतात. म्हणाली, सरकारच्या असतात.

तिने रात्री पाठ फिरवून झोपण्यापूर्वी एवढंच म्हटलं, की ताईंनी तुम्हाला लहानपणी कडेवर वाढवलंय. हे मला माहीत नाही का? म्हणूनच तर करतोय ना सगळं!

१ एप्रिल

ताईने पडदे शिवायला घेतले आहेत. स्वतःच्या खोलीला, स्वतःसाठी, पहिल्यांदा. फोनवर कापडाचा रंग सांगत होती. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी हो हो म्हणत होतो. मला काही ऐकू येत नव्हतं.

५ एप्रिल, सकाळ

आज! सकाळपासून ताईचं खातं उघडतोय, बंद करतोय.

५ एप्रिल, दुपार

पैसे आले. वीस लाख. बरोब्बर वीस लाख. वर काहीच नाही.

व्याजाचं खातं वेगळं असणार. एवढं मोठं सरकार आहे, एका हाताने मुद्दल देणार आणि दुसऱ्या हाताने व्याज. थोडं मागेपुढे व्हायचंच.

६ एप्रिल

हेल्पलाइनला फोन लावला. बाई फार गोड बोलणारी. म्हणाली, सर, आपण बिल कमी किमतीत घेतलं आणि पूर्ण किंमत मिळाली, तो जो फरक आहे तेच आपलं व्याज. म्हटलं, ती सूट होती. म्हणाली, नाही सर. म्हटलं, सात टक्के? म्हणाली, ते वर्षाच्या हिशेबाने, सर, आपण तीनच महिने ठेवलेत. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच गोड आवाजात. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, सर, आपण ठीक आहात ना?

आणखी काही मदत करू शकते का, असंही विचारलं.

७ एप्रिल

ताईला सांगितलं, व्याज कमी आलं. किती कमी ते सांगितलं नाही. तिने आधी मलाच खाली बसवलं. मग पायांत चपला अडकवल्या आणि पतपेढीत गेली. तिथे पैसे वाटून संपलेत. पुढची पाळी तीन महिन्यांनी.

माझ्याकडे शिल्लक अकरा हजार. खुर्ची परत घ्यायला दुकानदार तयार नाही, म्हणाला, सूट देऊन विकलेला माल परत होत नाही.

९ एप्रिल

घरमालकाच्या पाया पडलो. खरंच पडलो. पंधरा दिवस मागितले. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, तीन महिने थांबलो, तुमच्या बहिणीनेच सांगितलं होतं की भाऊ सगळं बघतोय. चष्मेवाला पूर्ण पैसे घेऊन उभा आहे.

१० एप्रिल

गेली.

१७ एप्रिल

ताई आमच्याकडे आली. मशीन, एक कपाट, दोन पिशव्या. अर्धवट शिवलेले पडदे तिने टेम्पोवाल्याला देऊन टाकले. वीस लाख बँकेत आहेत, पण तेवढ्यात त्या गल्लीत काही मिळत नाही. जिथे मिळतं तिथे तिला ओळखणारं गिऱ्हाईक नाही.

शेजारची बाई चौकशीला आली तेव्हा ताई तिला सांगत होती, माझ्या भावाने जिवाचं रान केलं हो, सरकारने आयत्या वेळी व्याज बुडवलं. शेजारीण म्हणाली, या सरकारला काही लाजच नाही. दोघींनी सरकारला भरपूर शिव्या घातल्या. मी तिथेच होतो. मान डोलावली.

२० एप्रिल

इतक्या दूर जुनं गिऱ्हाईक येत नाही. मी शेठला विचारलं. आता ताई आमच्याच दुकानात बसते, जिन्याखाली, पँटी आखूड करायला. नगावर पैसे. मी वर शर्ट विकतो, खाली मशीन ऐकू येतं. गिऱ्हाईक असलं की मी मोठ्याने बोलतो.

२४ एप्रिल

जेवताना ताईने विचारलं, का रे, तुझे स्वतःचे किती गेले यात? तिला वाटतं मीही घातले होते.

काहीच नाही म्हणायचं होतं. खरंच तोंड उघडलं होतं तेवढ्यासाठीच. बायको हातातली वाटी तशीच धरून माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, फार नाही, तीसेक हजार.

ताईचा घास हातात राहिला. म्हणाली, माझ्यापायी? अरे देवा. मग म्हणाली, तू जिवाला लावून घेऊ नकोस, मी थोडे थोडे करून सगळे फेडीन तुझे.

बायको उठून आत गेली.

३० एप्रिल

आज नगांचा हिशेब झाला. दशांशने ताईच्या हातावर पैसे मोजून ठेवले. ती तशीच जिना चढून माझ्या काउंटरवर आली, धापा टाकत. सगळ्यांसमोर माझ्या हातात पाचशे ठेवले, म्हणाली, हा पहिला हप्ता, नाही म्हणू नकोस, मला झोप लागत नाही. दशांश जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघत होता.

घेतले.