वरचा राब मी आधी भाजला

प्रिय मामंजी,

मी तुम्हाला पत्र लिहिते आहे याचं तुम्हाला हसू येईल. तुम्ही होतात तेव्हा काय सांगायचं ते मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची आणि तुम्ही ओसरीवरून ‘व्हय व्हय’ म्हणत त्यातलं निम्मं सोडून द्यायचात. पण आजचं ओरडून सांगण्यासारखं नाही. घरात तुमचा लेक आहे, नात आहे, भिंतीपलीकडे शेजार आहे, आणि मालेत सगळं गाव म्हणतंय की आपल्या वरच्या रानाला पुण्याहून फिरायला आलेल्या पोरांनी आग लावली. मामंजी, काडी माझी होती.

सरळ सांगून टाकते, नाहीतर हात थांबेल. शनिवारी मी वरचा राब भाजला. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून जाळायचं, हे काही मी पहिल्यांदा करत नव्हते. सोळा वर्षं तुमच्या हाताखाली केलं. खालचे वाफे व्यवस्थित झाले होते. बेहड्याच्या झाडाजवळचा तेवढा राहिला होता.

तुमचा नियम मला पाठ होता. वरचा राब सगळ्यात शेवटी, बेहड्याच्या ढोलीतून धनेशाची मादी बाहेर पडल्यावर. तोसुद्धा सकाळी, वारा नसताना, भोवतीचा पाला झाडून, चार माणसं हातात ओले डहाळे घेऊन उभी करून. लोक तुम्हाला चिडवायचे, ‘काय आबा, धनेसाची परवानगी आली का?’ तुम्ही ढिम्म. पाऊस तोंडावर आला तरी तुमचा वरचा वाफा कोराच.

आणि मी काय केलं? मादी बाहेर पडायच्या आधी, भर दुपारी भाजला, तोही एकटीनं. सकाळी नळाला पाणी यायचं होतं, तुमच्या लेकाला कंपनीच्या गाडीवर जायचं होतं. तुम्ही गेल्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. मला दाखवायचं होतं की म्हाताऱ्यावाचून शेत अडत नाही. कुणाला दाखवायचं होतं, कोण जाणे.

धरणाकडून वारा आला आणि जाळ बांध ओलांडून पाल्यात शिरला. मी डहाळ्यानं झोडपत राहिले. लोक धावत आले, पण तोवर करवंदीच्या जाळ्या पेटल्या होत्या. मी आग विझवायला धावले आणि वाफाही त्याच आगीत गेला, असंच सगळ्यांनी धरलं. बेहडा उभा आहे मामंजी, बुंधा कंबरेइतका काळा झालाय. मादी आत होती. आणि तिचा नर त्या धुरात दोनदा आला. चोचीत काहीतरी होतं त्याच्या. दुसऱ्यांदा तो धुरात शिरलेला मी पाहिला, बाहेर पडलेला पाहिला नाही. रविवारी दिवसभर मी राख चाळत हिंडले. सापडला असता तर निदान पुरला असता.

तुम्हाला आठवतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला त्या झाडाखाली नेलं होतंत? मी भुकूमची. आमच्याकडे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या आणि पक्षी म्हणजे कावळा नाहीतर कबूतर. ‘भुकूमच्या पोरींना रान कुटं ठावं,’ असं म्हणत तुम्ही वर बोट केलंत. ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, मध्ये नुसती एक फट. ‘ती आत बसलीया अंड्यांवर. दार आतनं लिपून घेतलंय, पिसं झाडून टाकल्यात. आता तिला उडता बी येत न्हाई. बाहेर ह्यो. ह्यानं आणलं तर ती खाणार.’

मी विचारलं होतं, ‘आणि तो आलाच नाही तर?’

‘न्हाई आला आसं व्हत न्हाई,’ तुम्ही म्हणालात आणि चालू लागलात.

हे काय उत्तर झालं, मामंजी? एवढं सगळं शिकवलंत. विळा कसा धरायचा, वाऱ्याचा वास कसा घ्यायचा, नाग कुठला नि धामण कुठली. हे एकच का शिकवलं नाहीत? आज मला तेवढंच हवं होतं.

शेवटची दोन वर्षं तुमचा पाय चालेना, तेव्हा तुम्ही खाटेवरून टीव्हीवर जगभरची जनावरं बघायचात. हिंदी अर्धं कळायचं, बाकीचं तुमच्या मनचं. बर्फातला पेंग्विन अंडं पायावर घेऊन महिनोन् महिने उपाशी उभा असतो, ते दाखवायला तुम्ही मला कणीक मळताना हाक मारून बोलावलंत. ‘ए मंगल, बघ हितं, ह्यो बाप हाय. आपल्या धनेसाचा सोयराच म्हण की.’ समुद्रापारच्या कुठल्याशा जंगलात आपल्यापेक्षा मोठे धनेश असतात आणि त्यांच्या माद्याही अशाच स्वतःला कोंडून घेतात, हे कळल्यावर तर आल्यागेल्याला तेच सांगत होतात.

मग एकदा तिकडच्या रानाला लागलेली आग दाखवली. एक जनावर पोळलेल्या पायांनी रस्ता ओलांडत होतं. तुम्ही टीव्ही बंद केलात आणि जेवला नाहीत. मी ताट उचलताना म्हणाले, ‘एवढ्या लांबच्या आगीचं काय घेऊन बसलात?’ ते वाक्य चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

सोमवारी फॉरेस्टचा माणूस आला. भला आहे. दुर्बिणीतून फटीकडे बघून म्हणाला, ‘मादी जिती हाय. पण ढोलीचं दार फोडायचं न्हाई बरं का. भाईर काढली तर तिला उडता यायचं न्हाई, पिल्लं बी जातील. मी वर कळवतो. जाणकार मानसं शुक्रवारपतुर येतील.’ मग त्यानं विचारलं, ‘वहिनी, आग कुनी लावली, बघितलं का?’

तुमचा लेकच मध्ये बोलला, ‘रस्त्याला दोन गाड्या हुब्या हुत्या. पोरं हुती. शिग्रेटी टाकत्यात की.’ गाड्या उभ्या होत्या हे खरं आहे. बाकीचं त्याला खरंच तसं वाटतं. मी खाली मान घालून उभी राहिले.

शुक्रवारपर्यंत ती कशी जगायची? काल सकाळी मी उंबरं गोळा केली. बांबूचं टोक चिरून त्यात एक उंबर अडकवलं, शिडी लावली आणि फटीपाशी धरलं. ती आत सरकली. चोचीचं टोकही दिसेना. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. हात भरून आले. आज सकाळीही तेच. काल आतून पिल्लांचा चिरका आवाज येत होता. आज आला नाही. शिडीवर उभी राहून मी तिला अक्षरशः विनवलं. खा गं बाई, म्हटलं, माझ्यावर रुसून तू मरू नकोस.

खाली उतरून बुंध्याला पाठ टेकून बसले तर पदराला काजळी लागली. आणि तेव्हा तुमची एक गंमत आठवली. मी तुमच्या खोलीत न विचारता चहा घेऊन शिरले की तुम्ही म्हणायचात, ‘धनेसाकडनं शिक काय तरी. त्यो बी आदी दार वाजवतो, मग वाढतो.’ मला ती थट्टाच वाटायची. पण तुम्ही खरंच बघितलं असणार ना? वर्षानुवर्षं तिथं बसून?

मी पुन्हा शिडी चढले. बांबूच्या टोकानं ढोलीशेजारी बुंध्यावर वाजवलं. टक, टक, टक. मग उंबर फटीशी धरून थांबले.

चोच बाहेर आली, मामंजी. तिनं उंबर घेतलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा घेतलं. सात उंबरं खाल्ली तिनं. निदान एक तरी आत पिल्लाला दिलं असेल, असं मी धरून चालले आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. मी शिडीवरच रडायला लागले, इतकी की मला शोधत आलेल्या तुमच्या लेकाला खालून शिडी धरावी लागली. तो म्हणाला, ‘आगं, खाल्लं की तिनं. आता कशापायी रडतीस?’ काय सांगू त्याला? दार वाजलं आणि तिला वाटलं, तो आला. ज्या हातानं काडी ओढली, त्याच हातातून ती खातेय, आणि विश्वासानं खातेय. आणि मी तिला तसंच समजू देणार आहे. दुसरं काय करू? सांगा ना.

तो दिवसातून किती खेपा घालत असेल, हे मला आत्ता कळतंय. मला तेवढं जमेल का? उंबरं पुरतील का? आतली पिल्लं आहेत की गेली? मला काहीच माहीत नाही. फार भीती वाटते मामंजी. तुम्ही नुसते ओसरीवर असतात तरी चाललं असतं. काही बोलला नसतात तरी.

ती स्वतः दार फोडून बाहेर येईपर्यंत मी रोज उजाडल्यापासून तिथं असेन. वाजवल्याशिवाय वाढणार नाही. शुक्रवारी ती माणसं आली की त्यांच्यासमोर आणि तुमच्या लेकासमोर सांगेन की गाडीतल्या पोरांचा काही संबंध नाही, आग मी लावली. मग काय व्हायचं ते होऊ दे. आणि माझ्या पोरीनं उद्या मला त्याच झाडाखाली विचारलं की तो आलाच नाही तर, तेव्हा तसं होत नाही असं मी सांगणार नाही. होतं, म्हणेन. तुझ्या आईमुळे झालं. आणि बांबू तिच्या हातात देऊन दार कसं वाजवायचं ते शिकवेन.

तुमची भुकूमची सून,
मंगल